फळा, पडदा आणि गुरुजी

नवे साधन आले की गुरुजी नाक मुरडतात, ही तक्रार महाराष्ट्रात जुनी आहे. मराठी शाळांचा गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव मात्र वेगळेच सांगतो.

१९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था सुरू झाली. शालेय विषयांवरचे तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून घरोघरी आणि शाळांत पोहोचले. पण प्रसारण ठरलेल्या वेळीच व्हायचे. मुलांना न कळलेला भाग थांबवून पुन्हा दाखवणे शिक्षकाच्या हाती नव्हते. शिकवणारा पडदाच, शिक्षक नुसता शेजारी उभा! ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली.

साधन शिक्षकाच्या हातात आले तेव्हा चित्र पालटले. शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी मुलांच्या हाती टॅब्लेट दिले आणि विजेचा भरवसा नाही म्हणून सौरऊर्जेची सोय केली. माढा तालुक्यातील परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येई, धड्याचा व्हिडिओ दिसे. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. राज्यभर कितीतरी शाळांत प्रोजेक्टर आला तो शिक्षकांनी गावात फिरून जमवलेल्या लोकवर्गणीतून.

मग विरोध कशाला झाला?

नोव्हेंबर २०१६ मध्ये, विद्यार्थ्यांची गळती रोखण्यासाठी शिक्षकांनी मुलांच्या गटांसोबत सेल्फी काढून शासनाच्या ‘सरल’ या ऑनलाइन नोंद-प्रणालीवर टाकावी, असा आदेश निघाला. शिक्षक संघटना खवळल्या आणि जानेवारीत तो स्थगित झाला. पोषण आहाराची नोंद, हजेरी, आधार जुळणी, प्रशिक्षणाच्या लिंक, सगळे शिक्षकाच्याच मोबाइलवर येऊन पडते. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही शिक्षकांची घोषणा आहे ती या ओझ्यापायी.

कोरोनाने साधनाची पोहोच आणि त्याची मर्यादा या दोन्ही बाजू एकदम उघड्या केल्या. ‘असर’ या शिक्षणविषयक वार्षिक अहवालाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या विद्यार्थ्यांच्या घरांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. तरीही दहापैकी जवळपास चार घरे स्मार्टफोनविनाच होती. तिथे शिक्षक ओट्यावर, झाडाखाली, पारावर चार-पाच मुले गोळा करून शिकवत राहिले. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर तर ध्वनिमुद्रित धडे लाउडस्पीकरवरून ऐकवले गेले.

तंत्रज्ञानाला शिक्षकांचा विरोध नाही. पाळत आणि कारकुनीला आहे. म्हणून नवे अ‍ॅप आणण्याआधी शासनाने जुन्या नोंदींचे ओझे उतरवावे, शाळेचे वीजबिल वेळेवर भरले जाईल याची तजवीज करावी आणि वर्गात कोणते साधन कधी वापरायचे, हे ठरवण्याचा अधिकार शिक्षकाला द्यावा. गावकऱ्यांनीही ग्रामसभेत शाळेच्या विजेचा आणि इंटरनेटचा विषय आवर्जून मांडावा.