खाणीतली बातमी वर कशी जाते?

खाण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खाली उतरणारा पाळणा, टोपीवरचे दिवे आणि कोळशाने भरलेल्या गाड्या येतात. पण कोळशाबरोबर आणखी एक वस्तू खाणीतून रोज वर यावी लागते. ती म्हणजे बातमी. कोठे छत करकरते आहे, कोठे पाणी झिरपते आहे, कोणता ढिगारा खचतो आहे, हे सर्वांत आधी कळते ते तेथे राबणाऱ्या मजुराला. त्यावर उपाय करण्याचा अधिकार मात्र वरच्या साहेबाकडे असतो. दोघांच्या मध्ये सरदार, ओव्हरमन, मॅनेजर, इंजिनियर अशी लांब शिडी. बातमी ही शिडी चढून गेली, तर माणसे वाचतात. मध्येच अडकली, तर काय होते, ते एका खऱ्या घटनेवरून पाहू.

ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथे ॲबरफॅन हे खाणकामगारांचे गाव. कोळशाबरोबर निघणारी दगडमाती गावावरच्या डोंगरउतारावर टाकण्याची तिथली रीत होती. १९५८ साली सातव्या ढिगाऱ्याला सुरुवात झाली. त्याच्या जागी जमिनीतून झरे वाहत होते, आणि ते सरकारी नकाशातही दाखवलेले होते! उताराच्या पायथ्याशी प्राथमिक शाळा होती.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. सकाळी मजूर ढिगाऱ्यावर गेले, तो माथा दहाएक फूट खाली बसलेला. वर टेलिफोन नव्हता, म्हणून सांगायला माणूस खाली धाडला. सव्वानऊच्या सुमारास ढिगारा सुटला आणि चिखलाचा लोंढा शाळेवर आला. मुले नुकतीच वर्गात बसली होती. ११६ मुले आणि २८ मोठी माणसे, एकूण १४४ जीव गेले.

आता कोणीही म्हणेल, टेलिफोन असता तर? चौकशी मंडळाने हाही प्रश्न पाहिला. ढिगारा इतक्या वेगाने आला, की टेलिफोन असता तरी त्या घडीला जीव वाचले नसते, असे मंडळाचे मत पडले. मग चूक कोठे होती? ती त्या सकाळची नव्हती, त्याआधीच्या कित्येक वर्षांची होती.

१९४४ साली तिथलाच चौथा ढिगारा सरकला होता. १९६३ साली खुद्द सातवाही सरकला. त्याच वर्षी नगरपालिकेच्या इंजिनियर-खात्याने शाळेमागच्या ढिगाऱ्याच्या धोक्याबद्दल लेखी कळवले. पत्रे गेली, उत्तरे आली, ढिगारा मात्र वाढतच राहिला. १९६५ साली दुसऱ्या एका खाणीचा ढिगारा घसरला, तेव्हा वरून तपासणीचा हुकूमही सुटला. पण कागद फिरला आणि तपासणी वरवरचीच झाली. ढिगारे यंत्र-इंजिनियरांच्या ताब्यात होते, मातीचे ज्ञान स्थापत्य-इंजिनियरांकडे होते, आणि दोघांची नीट गाठ पडली नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण ठेच लागल्याचे मागच्याला कोणी सांगितलेच नाही, तर तो शहाणा होणार कसा?

चौकशी ७६ दिवस चालली. १९६७ साली अहवाल आला. त्यात दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला गेला. कोणी दुष्टपणा केला, असे मंडळाने म्हटले नाही. अज्ञान, ढिसाळपणा आणि एकमेकांना न कळवणे, हीच कारणे दिली. पुढे १९६९ साली तेथे ढिगाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला.

या गोष्टीचा आपल्याशी संबंध काय? नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ या जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी आहेत. वणी-घुग्घुसकडे जाताना उघड्या खाणींच्या मातीचे डोंगर लांबून दिसतात. खाणीत काम करणारा कोणी मराठी बोलतो, कोणी हिंदी, कोणी तेलुगू. बातमीची शिडी येथेही आहे. ती मजबूत व्हावी, यासाठी चार गोष्टी सांगता येतील.

पहिली, पाळी बदलताना तोंडी निरोपावर काम भागवू नये. जाणाऱ्याने वहीत लिहावे, येणाऱ्याने वाचून सही करावी, आणि अक्षर-ओळख नसलेल्याला ते त्याच्या भाषेत वाचून दाखवावे. दुसरी, धोका सांगणाऱ्या मजुराचा रोज बुडता कामा नये. काम थांबवले म्हणून बोलणी खावी लागली, की पुढच्या वेळी तो गप्पच बसतो. तिसरी, एका खात्याला कळलेले दुसऱ्याला कळावे, म्हणून सर्वांनी जागेवर जाऊन एकत्र पाहावे. आपल्याकडेही १९५५ च्या खाण-नियमांत पुढे कामगार व अधिकारी यांच्या सुरक्षा-समितीची तरतूद झाली, ती याचसाठी. समितीची बैठक ढिगाऱ्याजवळ भरली, तर ती चहापुरती उरत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पोच म्हणजे उत्तर नव्हे. ‘आपले पत्र मिळाले’ ही झाली पोच. ‘आम्ही जागा पाहिली, अमुक आढळले, अमुक तारखेपर्यंत अमुक करू’ हे झाले उत्तर. ॲबरफॅनला पत्रे मिळाली होती. उणीव होती ती जागेवर जाऊन दिलेल्या उत्तराची.

खाणीच्या शेजारी राहणाऱ्या गावकऱ्यांनी आणि गुरुजींनीही हा फरक ध्यानात ठेवावा. शाळेमागे भेग दिसली, ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर ग्रामपंचायतीमार्फत लेखी कळवावे, तारीख टाकावी, नक्कल ठेवावी. आणि नुसत्या पोचेवर समाधान मानू नये. कोण पाहायला आला आणि त्याने काय केले, हे विचारत राहावे. असे विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही. त्या शाळेत आपली मुले बसलेली असतात.