बाभळीचा काटा आणि मांस खाणारा दगड

बार्शिटाकळीकडच्या आमच्या वावरात यंदाच्या उन्हाळ्यात नातीच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. चूक तिचीच. धुऱ्यावरून अनवाणी धावत होती. आजीनं सुई तापवून काटा काढला, पण टोक आत राहिलं असावं. दुसऱ्या दिवशी टाच टरारून सुजली आणि मधोमध पिवळं तोंड धरलं. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आणि आम्ही अकोल्याला घरी परतलो.

मे महिन्यात अकोल्यात घरात झोपतो तो वेडा. गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणं टाकली. नात पाय उशीवर ठेवून पडली होती.

"आबाजी, काटा त काढला आजीनं. मंग पाय काहून सुजला?"

"काट्याले जेवून राह्यले ते."

"कोण?"

आता गोष्ट सांगणं भागच होतं.

१८८२ सालची गोष्ट. इटलीच्या टोकाशी सिसिली नावाचं बेट आहे, तिथं मेसिना हे गाव. मेचनिकॉफ नावाचा एक रशियन प्राणिशास्त्रज्ञ तिथं बिऱ्हाड करून राहत होता. घरातली सगळी मंडळी एके दिवशी सर्कशीतली माकडं बघायला गेली. हा पठ्ठ्या एकटाच मागं राहिला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. भिंगाखाली तारामाशाची अळी होती. ही अळी काचेसारखी आरपार दिसते. तिच्या पोटात काही पेशी इकडून तिकडं फिरताना त्याला दिसत होत्या. एकदम त्याच्या मनात आलं, की अंगात काही परकं घुसलं तर या पेशी त्याच्यावर धावून जात असतील का? बागेत गुलाबाचं झाड होतं. त्याचे बारके काटे तोडून आणले आणि अळीच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा!

"म्हणजे त्याच्या अळीलेही काटा रुतला, मलेही रुतला," नात म्हणाली. बरोबर. फरक एवढाच, की तुझी टाच काचेची नाही, म्हणून आपल्याला आतला गराडा दिसत नाही, नुसता ठणका कळतो.

या पेशींना नाव हवं होतं. मेचनिकॉफनं व्हिएन्नाच्या प्राध्यापक क्लाउस यांना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ग्रीक भाषेतून शब्द काढून दिला, फॅगोसाइट. 'फॅगीन' म्हणजे खाणं आणि 'कायटोस' म्हणजे पोकळ भांडं. शास्त्रज्ञ पेशीला हेच भांड्याचं नाव देतात. आपण मराठीत भक्षक पेशी म्हणतो. मला विचाराल तर 'खादाड पेशी' जास्त शोभलं असतं.

खातात तरी कशा? तोंड नाही, दात नाहीत. जंतू दिसला की पेशी आपलंच अंग दोन बाजूंनी पसरते, त्याला कवेत घेते आणि आत ओढते. आत पाचक रसांची पिशवी असते, तिच्यात तो विरघळतो. धडधाकट माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक अशा खाणाऱ्याच. पण त्यांचं आयुष्य फार थोडं, काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. खाता खाता त्या मरतात. तुझ्या टाचेत जो पिवळा पू दिसतो ना, तो म्हणजे मेलेल्या पेशी, मेलेले जंतू आणि खराब झालेलं मांस यांचा ढीग.

"शी!" नात म्हणाली. शी काय? रणांगण आहे ते.

यांचेच मोठे भाऊ म्हणजे मॅक्रोफेज, 'मोठे खाणारे'. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस रक्तात धावून थकल्या, की पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, बसलेले हे थोरले त्यांना गिळतात आणि त्यांच्यातलं लोह पुन्हा कामाला लावतात. भंगारवालेच म्हणा ना.

या शोधासाठी मेचनिकॉफना १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. पण त्यांची आपल्याकडची ओळख वेगळीच आहे. ओडेसा शहरात त्यांचा एक विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. पुढं गुरू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले, मागोमाग शिष्यही गेला. १८९३ साली हाफकिन पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग फुटला, तसे ते मुंबईला धावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. आधी दुसऱ्यावर नाही, हे महत्त्वाचं. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात. ओडेसाच्या वर्गातून निघालेला धागा असा परळपर्यंत आला.

नातीला मात्र लशीपेक्षा 'फॅगीन'च आवडलं होतं. "अजून कोणते शब्द आहेत खाण्याचे?"

आहेत की. घास उतरतो ती अन्ननलिका, तिच्या इंग्रजी नावात, इसोफॅगसमध्ये, हाच 'फॅग' बसलाय. आणि एक तर मांस खाणारा दगड आहे.

ती उठूनच बसली.

ग्रीकमध्ये मांसाला 'सार्क्स' म्हणतात. (आपल्या शेजारी देशांच्या सार्क संघटनेशी याचा काही संबंध नाही, ती नुसती आद्याक्षरं.) आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर अ‍ॅसॉस नावाचं जुनं गाव होतं. तिथल्या दगडाची पेटी करून तिच्यात प्रेत ठेवलं, तर दात सोडून सगळं ४० दिवसांत नाहीसं होतं, असं रोमच्या प्लिनीनं लिहून ठेवलंय. खरं-खोटं तोच जाणे. तो काय, सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा जवळ जाऊन बसला आणि मेला. चौकस माणूस, पण ऐकलेलंही सगळं लिहायचा. तर त्या दगडाला ग्रीकांनी नाव दिलं 'सार्कोफॅगोस', मांसभक्षक. पुढं कुठल्याही दगडी शवपेटीला सार्कोफॅगस म्हणायची रीत पडली. गंमत बघ, इजिप्तचा राजा तुतनखामेन अशाच दगडी पेटीत निजलेला होता. १९२२ साली त्याची कबर सापडली. तीन हजारांहून जास्त वर्षं झाली तरी पेटीनं त्याला खाल्लं नव्हतं! आपल्या नरनाळा किल्ल्याच्या काळ्या पाषाणावर तर असा आळ कुणी कधी घेतला नाही.

मांस खरोखर खाणारी आहे ती माशी. मटणाच्या दुकानात करडी, मोठी माशी बघितलीस? पाठीवर तीन काळे पट्टे असतात. तिचं शास्त्रीय नाव सार्कोफॅगा. ती अंडी घालत बसत नाही, जिवंत अळ्याच सोडते, म्हणून तिच्यासमोर झाकण न लावलेलं मटण क्षणभरही ठेवू नये. बैलाच्या जखमेत किडे पडतात, त्यातही असल्या माश्यांचा हात असतो.

तेवढ्यात आजी पाण्याचा तांब्या घेऊन वर आली. मी लगेच पुढचा शब्द काढला. सारकॅझम! उपरोध. ग्रीक 'सार्काझेइन' म्हणजे कुत्र्यानं लचके तोडावेत तसं मांस फाडणं. टोमणा मारणारा माणूस लचकाच तोडतो, हे ग्रीकांना दिसलं होतं. आपणही म्हणतोच की, बोलणं जिव्हारी लागलं. फक्त आपण वर शालजोडी पांघरतो.

आणि शेवटचा शब्द माझा स्वतःचा. मी सदऱ्याची बाही वर सारली आणि दंड दाखवला. तिशीत या दंडानं कापसाची गाठोडी उचलली, आता पाण्याची बादली जड जाते. वय झालं की स्नायू झिजतात. या झिजेला १९८९ साली अमेरिकेच्या आयर्विन रोझेनबर्ग यांनी नाव दिलं, सार्कोपेनिया. 'पेनिया' म्हणजे गरिबी. मांसाची गरिबी! उपाय म्हणून डॉक्टर डाळ-दूध खा आणि वजनं उचला म्हणतात. मी डाळ खातो.

नात हसली. आजीनं तांब्या खाली ठेवला, माझ्या दंडाकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "बुढ्याच्या अंगात मास राह्यलं नाही, तोंडच तेवढं राह्यलं."

काट्याचं टोक दोन दिवसांनी पुवासोबत आपसूक बाहेर आलं. नातीनं ते काडेपेटीत जपून ठेवलंय.