खोक्यातला पाईप

छावणी मागे टाकून दौलताबादच्या दिशेने निघालं की पडेगाव लागतं. रस्त्यालगतच्या एका सुतारशेडमध्ये कपाटं होतात, दिवाण होतात आणि उरल्या वेळात गाड्यांच्या डिकीत बसणारे बेस बॉक्सही. समोरचा बॉक्स १८ मिलीमीटर एमडीएफचा, १२ इंची वूफरसाठी. वूफर, पाईप, आतली आडवी पट्टी यांनी खाल्लेली जागा वजा जाता आत ६० लिटर हवा. वूफर स्क्रूने आवळून झालाय. शेजारच्या भोकात पीव्हीसीचा पाईप मात्र नुसता सरकवलेला, फट राहू नये म्हणून भोवती टेप गुंडाळलेली. चिकटवायचा नाहीये अजून.

गिऱ्हाईकाची सूचना अशा वेळी हमखास येते. "मिस्त्री, एकच पाईप? दोन टाका ना, बेस डबल होईल."

"डबल नाही होत भाऊ, वर सरकतो," मिस्त्री म्हणतात आणि मोजपट्टी उघडतात.

बहुतेकांना वाटतं, पाईप म्हणजे आतली हवा बाहेर पडायची वाट. तसं असतं तर मोठं भोक केव्हाही बरं. पण पाईपात अडकलेली हवा ही वजन असलेली वस्तू आहे आणि खोक्यातली बाकी हवा ही तिच्यामागची स्प्रिंग. हे वजन त्या स्प्रिंगवर स्वतःच्या ठरावीक गतीने पुढेमागे होतं. सेकंदाला किती वेळा, तेच ट्यूनिंग. पाईप लांब केला की वजन वाढतं, चाल मंदावते, ट्यूनिंग खाली येतं. पाईप रुंद केला तरी वजन वाढतंच, पण स्प्रिंगचा जोर त्याहून जास्त वाढतो, कारण त्या हिशोबात तोंडाचं क्षेत्रफळ दोनदा येतं. म्हणून रुंदी ट्यूनिंग वर नेते. खोकं मोठं घेतलं तर स्प्रिंग सैल पडते आणि ट्यूनिंग पुन्हा खाली.

गोव्याचा घुमटवादक हे रोज हाताने करतो. मडक्याच्या एका तोंडावर चामडं, दुसरं लहान तोंड उघडं. डाव्या तळव्याने ते उघडं तोंड झाकत-उघडत तो खर्ज वरखाली करतो. बंदिस्त हवेच्या या वागण्याचा पद्धतशीर अभ्यास १९ व्या शतकात जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने केला. लाउडस्पीकरच्या खोक्याला असं भोक देण्याच्या कल्पनेला बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरासने १९३२ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवलं. पण खोकं किती, पाईप किती, याचं नेमकं गणित नेव्हिल थीलने ऑस्ट्रेलियात १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉलने १९७० च्या दशकात पुढे नेलं. वूफरच्या कागदावर छापलेले 'थील-स्मॉल' आकडे ते हेच. आमच्याकडे तो कागद पॅकिंगसोबत कचऱ्यात जातो, ही वेगळी तक्रार.

मिस्त्रींचं गणित मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर करतं, पण माप तेच घेतात आणि आतून घेतात. दुकानात '११० चा' म्हणून मिळणारा पाईप बाहेरून ११० मिलीमीटर असतो. या तुकड्याचा आतला व्यास १०४ भरला. ६० लिटरला ३५ हर्ट्झ हवं असेल तर या पाईपची लांबी येते २७ सेंटीमीटर. तेवढ्याच लांबीचे दोन पाईप बसवले तर ट्यूनिंग जातं ४९ च्या पुढे. बेस दुप्पट सोडाच, गाण्यातला सगळ्यात खालचा थर गायब. दोन पाईप ठेवून ३५ च हवं असेल तर प्रत्येक पाईप जवळजवळ ६२ सेंटीमीटरचा लागतो.

एकच जाड पाईप घेऊ म्हटलं, १६० चा, आतून १५२, तरी लांबी ६३ च्या आसपास. या बॉक्सची खोली जेमतेम ४० सेंटीमीटर. म्हणजे एल्बो लावून पाईप आत वळवायचा. बरं, एवढा पाईप आतली साडेबारा लिटर जागा स्वतःच खातो. तेवढी हवा परत मिळवायची तर बॉक्स मोठा करायचा, आणि डिकी काही मोठी होत नाही. रुंदी आणि लांबी वेगवेगळ्या निवडता येत नाहीत, हे कागदावर वाचताना जेवढं पटत नाही तेवढं हा १६० चा तुकडा बॉक्सशेजारी आडवा ठेवला की पटतं.

मग लोक जाड पाईपाच्या मागे का लागतात? त्यालाही कारण आहे. आवाज वाढवला की बारीक पाईपातली हवा वेगाने धावते आणि कडेवर फाटते. तो फुसफुसाट बेसच्या आधी कानाला लागतो. हवेचा वेग ध्वनीच्या ५ टक्के, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर, याच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण दंडक आहे. मिस्त्री तडजोड करतात: पाईप ११० चाच, पण बाहेरच्या तोंडाशी एमडीएफची कड राउटरने गोल मारलेली. गोल कडेवर हवा कमी फाटते. ताकदीचा अ‍ॅम्प असेल तर मात्र ही तडजोड पुरत नाही, आणि ते तसं सांगूनही टाकतात.

आता चाचणी. पाईप मुद्दाम ३० सेंटीमीटरचा ठेवलाय. कापता येतो, वाढवता येत नाही. वूफरच्या मधल्या टोपीवर मिस्त्री खडूने एक ठिपका काढतात आणि मोबाइलवरून एकेका हर्ट्झचा सूर सोडतात. ५० ला ठिपक्याची उभी रेघ होते, म्हणजे वूफरचा कोन, त्याचा पडदा, जोरात हलतोय. ४५, ४०, रेघ आखूड होत जाते. ३४ ला ठिपका पुन्हा ठिपका दिसतो. वूफर बंद पडल्यासारखा, पण शेडचा पत्रा थरथरतोय आणि पाईपसमोरचा भुसा उडतोय. इथे आवाज पाईप काढतोय, कोन नुसता त्याला रेटा देतोय. ३० ला आणल्यावर रेघ पहिल्याहून लांब. ट्यूनिंगच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट सुटतो. वूफर फाटतात ते बहुतेक इथे, आणि दोष कंपनीला जातो. म्हणून अ‍ॅम्पवरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर अडवणारा, ट्यूनिंगच्या जरा खाली लावायचा.

पाईप बाहेर ओढून तीन सेंटीमीटर कापला, परत घातला. ठिपका आता ३५ ला थांबला. तीन सेंटीमीटरला जेमतेम एक-दीड हर्ट्झ. हाच पाईप १० चा असता आणि त्यातले तीन कापले असते तर ट्यूनिंग ४९ वरून ५४ वर उडालं असतं. लांब पाईपात हात चुकला तर चालतं, आखूडात नाही.

हवामानाचा वाटाही आहे. ध्वनीचा वेग उष्णतेबरोबर वाढतो. थंडीतल्या १२ अंशांवर ३५ ला बसवलेला बॉक्स मे महिन्यातल्या ४२ अंशांवर ३७ च्या जवळ जातो. कुणाच्या कानाला कळेल असं मला वाटत नाही. डीजेवाले तर मुद्दाम ४०-४५ मागतात. त्यांना खोलीपेक्षा छातीवरचा दणका हवा. आणि आवाजाच्या नियमातली मर्यादा ज्या डीबी-ए मापात आहे, ते माप ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरतं. खिडक्या वाजणाऱ्यांना मीटरचा आकडा खोटा वाटतो तो उगाच नाही.

पाईपभोवती सिलिकॉन फिरवताना गिऱ्हाईक विचारतं, तोंड मागे ठेवू की वर? ३५ हर्ट्झची लाट जवळजवळ १० मीटर लांब; डिकीत दिशेने काही बिघडत नाही.

"पण समोर सामान दाबून ठेवू नका," मिस्त्री म्हणतात. तोंडाशी अडथळा आला की पाईप लांब झाल्यासारखा वागतो आणि ट्यूनिंग खाली घसरतं.

"स्टेपनी तिथेच असते."

"मग बॉक्स पुढे घ्या. वीतभर तरी जागा सोडा."