प्रवाळ जलजीवालयाचे तापमाननियंत्रण

प्रवाळभित्तीवर राहणारे मासे, प्रवाळ व अन्य अपृष्ठवंशी प्राणी घरगुती काचपात्रात पाळताना पात्रातील खाऱ्या पाण्याचे तापमान वर्षभर अरुंद मर्यादेत स्थिर राखण्याची व्यवस्था. सामान्यतः २४° ते २७° से. ही मर्यादा योग्य मानतात व दिवसभरातील चढउतार १° से. च्या आसपास ठेवतात. समुद्राची जलराशी प्रचंड असल्याने तिचे तापमान सावकाश बदलते. शेदोनशे लिटरांच्या पात्रात मात्र तोच बदल काही तासांत घडून येतो.

जैव कारणे : भित्तिनिर्मितीक्षम प्रवाळांच्या ऊतकांत झूझँथेली ही एककोशिक शैवले राहतात व प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेले अन्न प्रवाळांना पुरवितात. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी १° से. ने जरी अधिक तापले आणि ही स्थिती काही आठवडे टिकली, तरी हे सहजीवन मोडते. शैवले बाहेर टाकली जाऊन प्रवाळ पांढरे पडतात. यास विरंजन म्हणतात. १९९८ मध्ये लक्षद्वीप बेटांभोवती विरंजनामुळे प्रवाळांची मोठी हानी झाली. उष्ण पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. समुद्राच्या पाण्यात २५° से. ला दर लिटरमध्ये सु. ६·८ मिग्रॅ., तर ३०° से. ला सु. ६·२ मिग्रॅ. प्राणवायू मावतो, उलट माशांची प्राणवायूची गरज तापमानाबरोबर वाढते.

कोरड्या हवामानातील स्थिती : सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील नीरा नदीकाठचे अकलूज हे गाव अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सु. २०० किमी. आत, पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये समुद्रकाठी उभारले गेले. अकलूजसारख्या ठिकाणी मात्र गोड्या पाण्यात योग्य लवणमिश्रण विरघळवूनच खारे पाणी तयार करावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से. च्या घरात जाते, तर हिवाळ्याच्या रात्री थंड असतात. त्यामुळे एकाच पात्रास उन्हाळ्यात शीतन व हिवाळ्यात तापक अशी दोन्ही साधने लागतात. तापकास तापनियामक जोडलेला असावा आणि त्याच्या भरवशावर न राहता स्वतंत्र तापमापकही ठेवावा. पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीलगत पात्र ठेवू नये. दिवे व पंप हेदेखील पाणी तापवितात, म्हणून दिवे दुपारऐवजी संध्याकाळी लावणे सोयीचे ठरते.

बाष्पीभवनाने शीतन : पाण्याच्या पृष्ठावरून वारा घालणारा छोटा विजेचा पंखा हे सर्वांत स्वस्त साधन होय. १ लि. पाण्याची वाफ होताना सु. ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. ती सर्व पात्रातूनच घेतली गेल्यास १०० लि. पाणी सु. ६° से. ने थंड होईल. प्रत्यक्षात भोवतालची हवा पाण्यास उष्णता देत असल्याने परिणाम कमी होतो. या रीतीने पाणी ओल्या फुग्याच्या तापमापकाने दाखविलेल्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. हवा ४०° से. व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असता ते तापमान सु. २३° से. असते, ३३° से. व ७० टक्के आर्द्रतेच्या किनारी हवेत मात्र ते सु. २८° से. भरते. म्हणजे हवा अधिक तापलेली असूनही कोरड्या पठारावर पंखा उपयोगी पडतो, तर कोकणात तो अपुरा ठरतो. खोलीत वाळ्याचा कूलर लावल्यास खिडक्या उघड्या ठेवाव्यात. अन्यथा हवा दमट होऊन पंख्याचा परिणाम घटतो. पावसाळ्यात हीच अडचण येते. अशा वेळी प्रशीतन यंत्राचा आधार घ्यावा लागतो. ते खर्चिक असते व त्याने बाहेर टाकलेली उष्णता खोलीबाहेर काढावी लागते.

लवणता व वीजपुरवठा : वाफ होते ती केवळ पाण्याची, लवणे मागे राहतात. १०० लिटरांतून २ लि. पाणी उडाल्यास लवणता दर हजारी ३५ वरून ३५·७ होते. ही तूट रोज गोड्या, लवणरहित पाण्याने भरून काढावी. खारे पाणी घातल्यास लवणता वाढतच जाते. कूपनलिकेचे जड पाणी न गाळता वापरू नये. वीज खंडित झाल्यास पाणी तापण्यापूर्वीच प्राणवायूची उणीव भासू शकते. म्हणून विजेरीवर चालणारा हवापंप जवळ ठेवतात. गोठविलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या पात्रात एकेक करून सोडता येतात; उघडा बर्फ टाकल्यास लवणता एकाएकी घटते.

कायदेशीर मर्यादा : भित्तिनिर्माते प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रव्यजन आणि समुद्रघोडे यांना २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण देण्यात आले. त्यामुळे मालवण येथील सागरी अभयारण्यातून (स्थापना १९८७) वा भारताच्या अन्य किनाऱ्यांवरून हौसेसाठी प्रवाळ काढून आणणे हा गुन्हा आहे. घरगुती पात्रात कृत्रिम खडक आणि बंदिस्त अवस्थेत पैदा केलेले विदूषक मासे ठेवता येतात. तापमान, लवणता व प्राणवायू यांविषयीचे वरील नियम त्यांनाही लागू पडतात.