गुडघा : दुखावलेला आणि झिजलेला

बैल लंगडूं लागला तर शेतकरी त्यास त्या दिवशीं जोतास जुंपीत नाहीं. त्याचा पाय धुऊन पाहतो, खुरांत कांटा आहे कीं सांधा सुजला आहे याची परीक्षा करितो आणि गरज वाटल्यास गुरांच्या डॉक्टरास बोलावितो. घरधनी स्वतः लंगडूं लागला तर मात्र "चालतां चालतां मोकळा होईल" एवढ्यावर सारी चिकित्सा संपते. आणि घरधनीण लंगडूं लागली तर तेवढीही होत नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां चावडीवर उताऱ्यासाठीं आलेले कित्येक कर्ते पुरुष असे पाहिले कीं, "बसा" म्हटल्यावर ते भिंतीस टेकून उभेच राहत. कारण एकदां खालीं बसलें म्हणजे उठवावयास दुसरा माणूस लागे. सारा-वसुलीच्या हिशेबांत या गोष्टीस रकाना नव्हता.

गुडघेदुखी हें नांव एक असलें तरी त्याखालीं दोन अगदीं निराळे प्रकार मोडतात. एक ताजी दुखापत व दुसरी जुनी झीज. पहिलीस आधीं विश्रांति पाहिजे, दुसरीस हालचाल पाहिजे. आपल्याकडे घडतें तें नेमकें उलट. मुरगळलेला गुडघा तेल लावून चोळतात व दुसऱ्या दिवशीं त्याच पायानें नांगरावर जातात. आणि झिजलेल्या गुडघ्याचा माणूस खाटेवर बसवून ठेवितात.

गुडघा म्हणजे मांडीचें हाड व नडगी यांची गांठ, पुढें वाटी. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचें अस्तर असतें, मध्यें अर्धचंद्राकृति दोन गाद्या असतात, आणि या सर्वांस आवळून धरणारे चार मुख्य बंध असतात. पैकीं दोन बाजूंस व दोन आंत, एकमेकांस छेदून गेलेले. दाराच्या बिजागरीप्रमाणें पुढें-मागें चालणें हा या सांध्याचा मुख्य धर्म. पिळणें त्यास फारसें सोसत नाहीं. चिखलणीच्या वेळीं पाऊल रुतलेलें असतां बैल किंवा यंत्र एकाएकीं वळलें म्हणजे धड फिरतें, पाऊल फिरत नाहीं, आणि मधला गुडघा पिळवटतो. खताचें पोतें पाठीवर घेऊन ट्रॉलीवरून उडी मारणारासही हाच धोका असतो. आंतील बंध तुटला तर बहुधा कांहीं तासांतच गुडघा फुगतो, कारण सांध्यांत रक्त सांचतें. गादी फाटली तर सूज सावकाश, दुसऱ्या दिवसापर्यंत येते.

अशा वेळीं काम तेथेंच थांबवावें. पाय उशीवर उंच ठेवावा, फडक्यांत गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी पंधरा-वीस मिनिटें, दिवसांतून तीन-चार वेळां ठेवावी, आणि ताणाची पट्टी फार न आवळतां बांधावी. पहिले दोन-तीन दिवस विटेचा शेक, गरम तेल व चोळणें वर्ज्य समजावें; त्यानें सूज वाढते. हाडें बसविणाऱ्याकडून पाय ओढवून घेणें तर फारच वाईट, कारण आंत हाड मोडलें असल्यास ओढण्यानें तें आणखी सरकतें.

क्ष-किरण चित्र केव्हां काढावें, याविषयीं कॅनडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं घालून दिलेला नियम शेतावरही उपयोगी पडतो. दुखापतीनंतर चार पावलेंही टाकतां येत नाहींत, गुडघा काटकोनापर्यंत वांकत नाहीं, वाटीवर किंवा गुडघ्याखालीं बाहेरच्या बाजूस असलेल्या हाडाच्या टोकावर दाबतां दुखतें, अथवा वय ५५ वा अधिक आहे, यांतील एकही गोष्ट असली तर चित्र काढून घ्यावें. गुडघा अडकून सरळ होईनासा झाल्यासही डॉक्टरास दाखवावें. पाऊल गार वा बधिर पडलें तर घटकाभरही थांबूं नये. आणि कांहीं लागलेलें नसतां गुडघा लाल, ऊन व सुजलेला होऊन ताप भरला तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. सांध्यांत पू झाला तर थोड्याच दिवसांत कूर्चा नासते.

झीज ही निराळी गोष्ट. ती बहुधा पंचेचाळिशीनंतर कळूं लागते. सकाळीं थोडा वेळ गुडघे आंखडतात, उठतांना व पायऱ्या उतरतांना दुखतात. चित्रांत झीज किती दिसते आणि दुखतें किती, यांचा मेळ पुष्कळदां बसत नाहीं, म्हणून चित्र पाहून धीर सोडूं नये. कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यांतील द्रवांतून तिचें पोषण होतें आणि तो द्रव हालचालीनें खेळता राहतो. बसून राहणाऱ्याच्या मांडीचे स्नायू रोडावतात व सारा भार सांध्यावर येतो. यास्तव खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पांच अंक मोजीपर्यंत धरावा, हळू खालीं आणावा. असें दहा वेळां, दोन्ही पायांनीं, सकाळ-संध्याकाळ. पुढें हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून उठण्या-बसण्याची संवय करावी. सपाट वाटेनें रोज चालावें. गुण दिसण्यास महिना-दीड महिना लागतो, आणि बहुतेक लोक आठव्या दिवशीं सोडून देतात!

शरीराचें वजन एक किलो उतरलें तर प्रत्येक पावलास गुडघ्यावरचा भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो असें मोजमापानें आढळलें आहे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातांत धरावी; आमच्या पाहण्यांत दहांपैकीं आठ माणसें ती उलट्या हातांत धरितात.

आतां खुरपणीविषयीं. दिवसभर उकिडवें बसून सरकत जाणें हें गुडघ्यास फार जड जातें, आणि हें काम बहुतेक बायकाच करितात. बांधावर उभें राहून देखरेख करणारास तें दिसत नाहीं. ओळींतील पेऱ्यांत लांब दांड्याचें सायकल कोळपें चालतें. तें घेण्याची ऐपत असून "बायका आहेतच कीं" म्हणणारे बागाईतदार आमच्या परिचयाचे आहेत. जेथें खुरपेंच लागतें तेथें घडी-दोन घडींनीं उठून उभें राहूं द्यावें, व कामांची आलटापालट करावी.

वेदनाशामक गोळ्या वाणसामानाप्रमाणें विकत घेऊन महिनेच्या महिने खाऊं नयेत. त्या पोटांत व्रण पाडतात आणि मूत्रपिंडांस अपाय करितात. गुरांस दिलेल्या डायक्लोफिनॅकनें, तीं मेल्यावर त्यांचें मांस खाणारीं गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं, म्हणून २००६ सालीं भारतांत तें औषध गुरांसाठीं बंद झालें; माणसांच्या दुकानांत तें आहेच. माणसाचें शरीर गिधाडासारखें नाहीं हें खरें. तथापि रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणारानें डॉक्टरांस विचारल्यावांचून त्यास हात लावूं नये. बाजारांत बिननांवाच्या पुड्या मिळतात व दोन दिवसांत चमत्कार दाखवितात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें अनेकदां सांपडलें आहे.

शस्त्रक्रियेबद्दल दोनच शब्द. दुर्बीण घालून झिजलेला गुडघा धुण्या-खरवडण्याची क्रिया एके काळीं फार चाले. अमेरिकेंत १८० रोग्यांवर परीक्षा झाली. त्यांपैकीं कांहींस केवळ कातडीस छेद देऊन खोटी शस्त्रक्रिया केली होती. २००२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला तेव्हां खऱ्या व खोट्या क्रियेच्या गुणांत फरक दिसला नाहीं. सांधा बदलण्याची क्रिया मात्र, सर्व उपाय थकल्यावर, पुष्कळांस उपयोगी पडते. कृत्रिम सांध्याच्या किंमतीस केंद्र सरकारनें ऑगस्ट २०१७ मध्यें मर्यादा घातली आहे, तेव्हां बिलांत सांध्याची किंमत निराळी मांडून मागावी. त्यानंतर उकिडवें बसून खुरपणें बहुधा करूं देत नाहींत, आणि पाय कामास नीट लागण्यास तीन महिने तरी जातात. म्हणून क्रियेचा दिवस ठरवितांना आपल्या पेरणी-सुगीचें वेळापत्रक डॉक्टरांपुढें ठेवावें व घरांतील कोण कोणतें काम उचलील हें आधींच ठरवून घ्यावें.