लसूण-कोळंबी पास्ता २५ मिनिटांत : महागाची कोळंबी रबर होऊ नये म्हणून काय करायचं?

कोळंबी महाग असते. बेळगाव, इंदूर, हैदराबाद अशा समुद्रापासून लांबच्या गावांत तर ती रोजची खरेदी नसते, पाहुणे आले किंवा रविवार असला की आणली जाते. अशी आणलेली कोळंबी कढईत दोन-तीन मिनिटं जास्त राहिली की चिवट होते, आणि मग पैसेही गेले आणि जेवणही बिघडलं अशी गत होते. लसूण, तेल-लोणी आणि कोळंबी घालून केलेला पास्ता सध्या अनेक घरांत मुलांच्या आग्रहाने होऊ लागला आहे. पदार्थ सोपा आहे, मसाला वाटायचा नाही, नारळ खवायचा नाही. पण त्यात लपवायलाही काही नाही. कोळंबी शिळी असली, लसूण करपला किंवा पास्ता गिच्च झाला तर ते पहिल्याच घासाला कळतं. म्हणून खरेदीपासून ताटापर्यंत काय सांभाळायचं ते इथे क्रमाने दिलं आहे.

पदार्थ आला कुठून?

इटलीत नेपल्सच्या बाजूला लसूण आणि ऑलिव्ह तेलातली स्पॅगेटी हे गरिबाघरचं जेवण. तिकडे ‘स्कॅम्पी’ म्हणजे शेवंडीच्या जातकुळीतला, लांब नांग्यांचा एक लहान समुद्री जीव. तो लसूण आणि तेलात करायची पद्धत होती. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथे सहज मिळणारी कोळंबी वापरून तोच पदार्थ केला, नाव मात्र स्कॅम्पीच राहिलं. गंमत म्हणजे भारतात मासळीच्या व्यापारात ‘स्कॅम्पी’ म्हणजे तिसरंच काही: गोड्या पाण्यातली मोठी, निळसर नांग्यांची कोळंबी. त्यामुळे पाकिटावर किंवा पाककृतीत हा शब्द दिसला तर नेमकं काय आहे ते विचारून घ्यावं.

गोवा-मालवणकडच्या हॉटेलांत ‘बटर गार्लिक प्रॉन्स’ पूर्वीपासून चालतात. त्यात पास्ता मिसळला की हा पदार्थ तयार, असं म्हटलं तरी चालेल.

पास्ता परका, गहू ओळखीचा

चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. हा गहू कठीण, पिवळसर, त्यामुळे शिजल्यावरही पास्ता आकार धरून राहतो. मराठी घरांना हा गहू नवा नाही. शेवया, कुरडया आणि रव्यासाठी जो ‘बन्सी’ गहू वापरतात तो ड्युरमच. माळव्यातला मालवी गहूही याच जातीचा. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने ‘मालवशक्ती’, ‘पोषण’ अशी ड्युरमची वाणं दिली आहेत. सीमाभागात होणारा खपली गहू हाही याच कुळातला.

दुकानात पास्ता घेताना पाकिटावर ‘ड्युरम व्हीट सुजी’ किंवा ‘सेमोलिना’ लिहिलेलं आहे का ते बघावं. मैद्याचा पास्ता स्वस्त मिळतो, पण तो लवकर गिच्च होतो आणि पाण्याला चिकट करतो. या पदार्थाला स्पॅगेटीसारखा लांब पास्ता बरा, पण लहान मुलं खाणार असतील तर पेन्नेही चालतो.

कोळंबी, सुंगटां, झिंगा, सिगडी

नाव गावागणिक बदलतं. गोव्यात आणि कारवारकडे सुंगटां, कन्नडमध्ये सिगडी, बडोदा-इंदूरकडे झिंगा, हैदराबादच्या बाजारात रोय्यलु. जीव एकाच घराण्यातले, पण माल दोन तऱ्हेचा असतो. एक समुद्रातून पकडलेला, दुसरा तळ्यात वाढवलेला.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारी बंदी असते. त्या काळात घाट चढून येणारी समुद्राची कोळंबी जवळपास थांबते. तेव्हा बाजारात दिसते ती बहुतेक तळ्यातली ‘व्हॅनामी’. ही मूळची प्रशांत महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्यावरची जात. भारतात २००९ मध्ये तिच्या पालनाला परवानगी मिळाली आणि आज सर्वात जास्त पालन आंध्र प्रदेशात होतं. चवीला ती थोडी सौम्य, पण आकार एकसारखा असल्यामुळे पास्त्याला सोयीची. सगळे नग एकाच वेळी शिजतात.

ताजी कशी ओळखायची?

• साल चकचकीत आणि अंगाला घट्ट हवी. डोकं लोंबतं असेल, साल सुटत असेल तर माल जुना.
• वास समुद्राच्या खाऱ्या पाण्यासारखा, हलका असावा. अमोनियाचा, म्हणजे लघवीसारखा उग्र वास आला तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. धुऊन, लिंबू चोळून ती चांगली होत नाही.
• डोक्याजवळ किंवा सांध्यांवर काळे डाग असतील तर ती लगेच विषारी झाली असं नाही, पण पकडून बराच वेळ झाला आहे हे नक्की.
• कोळंबी बर्फात पुरलेली असावी. उन्हात, फळीवर नुसती मांडून ठेवलेली घेऊ नये. घर लांब असेल तर पिशवीत बर्फ मागून घ्यावा.

ग्वाल्हेर, इंदूरसारख्या ठिकाणी गोठवलेलं पाकीट हाच बरा मार्ग. नीट गोठवलेली कोळंबी ही तीन दिवस फिरून आलेल्या ‘ताज्या’ कोळंबीपेक्षा केव्हाही चांगली. पाकिटात सगळे नग सुटे सुटे वाजले पाहिजेत. एकच मोठा गोळा झाला असेल किंवा आत बर्फाचे खडे साचले असतील तर माल मधे वितळून परत गोठवलेला असू शकतो. नगांवर बर्फाचा पातळ थर असतो, म्हणून बर्फ वगळून निव्वळ वजन किती लिहिलं आहे ते वाचावं.

गोठवलेली कोळंबी आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. घाई असेल तर पिशवी घट्ट बंद करून थंड पाण्यात बुडवली की मध्यम नग वीसेक मिनिटांत सुटतात. गरम पाणी ओतू नये, ओट्यावर तासन् तास ठेवूही नये. बाहेरून ती शिजल्यासारखी होते आणि जंतू वाढायला वेळ मिळतो.

चार माणसांसाठी साहित्य

• पास्ता ३५० ग्रॅम
• सोललेली कोळंबी ४०० ग्रॅम (डोक्या-सालासकट घेतली तर ८०० ग्रॅमच्या आसपास घ्यावी, निम्मी निघून जाते)
• लसूण, देशी बारीक असेल तर २० पाकळ्या, मोठा असेल तर १०
• तेल ४ मोठे चमचे (ऑलिव्ह असेल तर उत्तम, नसेल तर शेंगदाण्याचं रिफाइंड चालतं)
• लोणी २५ ग्रॅम
• सुक्या लाल मिरच्यांचा जाडसर चुरा १ छोटा चमचा, मिरपूड, मीठ
• अर्धं लिंबू आणि मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर

कोळंबी सोलून पाठीवर हलकी चीर द्यावी आणि काळा धागा काढावा. तो कोळंबीचा आतडं-मार्ग आहे. मोठ्या नगांत त्यात वाळू असते आणि दाताखाली कचकच लागते. साफ करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तो वेळ २५ मिनिटांत धरलेला नाही. मासळीवालीकडून साफ करून घेतली तर काम वाचतं.

साफ केल्यावर धुऊन निथळावी आणि स्वच्छ फडक्याने टिपून कोरडी करावी. ही पायरी बरेच जण सोडून देतात आणि तिथेच घोटाळा होतो. ओली कोळंबी तव्यावर भाजली जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडते.

घड्याळ लावून कृती

पहिली १० मिनिटं : मोठ्या पातेल्यात ३ लिटर पाणी झाकण ठेवून चढवावं. तोवर लसूण बारीक चिरावा. चिरल्या-ठेचल्यावरच लसणातला तिखट वासाचा घटक तयार होतो, त्यामुळे तो आधी चिरून पाच-दहा मिनिटं ठेवलेला बरा. कोळंबीला मीठ-मिरपूड चोळून ठेवावी.

१० व्या मिनिटाला : पाणी खळखळलं की दीड मोठा चमचा मीठ आणि पास्ता घालावा. पाण्यात तेल घालायची गरज नाही, त्याने पास्त्याला नंतर रस धरत नाही. पाकिटावर १० मिनिटं लिहिली असतील तर ८ व्या मिनिटाला काढायचा. भातात कणी राहिलेली चालत नाही, इथे मात्र मधोमध किंचित कणी हवी, कारण उरलेला पास्ता कढईत शिजणार आहे.

१४ व्या मिनिटाला : पसरट कढईत दोन चमचे तेल चांगलं तापवून कोळंबी एका थरात पसरावी. आच मोठी. दीड मिनिट हलवायची नाही, मग उलटून एक मिनिट. करड्या रंगाची कोळंबी केशरी-गुलाबी झाली आणि मांस पांढरं, अपारदर्शक दिसलं की लगेच ताटलीत काढावी. साधा अंदाज असा: इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळली की झाली, आवळून पूर्ण गोल झाली की जास्त झाली. गर्दी होत असेल तर दोन घाण्यांत करावी.

१७ व्या मिनिटाला : आच मंद करून त्याच कढईत उरलेलं तेल आणि लसूण घालावा. आपल्याला फोडणीत लसूण तांबूस करायची सवय आहे. इथे तो फिकट सोनेरी झाला की थांबायचं. करपलेला लसूण कडू लागतो आणि तो कडवटपणा सगळ्या पास्त्यात उतरतो. मिरचीचा चुरा टाकून लगेच पास्त्याचं पाणी एक डाव घालावं, म्हणजे लसणाचं भाजणं तिथेच थांबतं.

१८ ते २२ मिनिटं : पास्ता निथळण्याआधी कपभर पाणी बाजूला काढून ठेवावं. पास्ता कढईत टाकून मोठ्या आचेवर, थोडं थोडं पाणी घालत परतावा. या पाण्यात पास्त्यातून उतरलेला स्टार्च असतो. त्यामुळे तेल आणि पाणी वेगळं न राहता दाटसर, चकचकीत रस होतो आणि तो पास्त्याला धरून बसतो. क्रीम, मैदा, कॉर्नफ्लोअर काही लागत नाही.

शेवटी : गॅस बंद करून लोणी, कोळंबी, लिंबाचा रस आणि कोथिंबीर घालून सारखं करावं. कोळंबी आधीच शिजलेली आहे, कढईच्या उष्णतेने ती पुरेशी गरम होते. पुन्हा उकळी आणायची नाही. लगेच वाढावं.

डोकी आणि सालं फेकू नयेत. दोन कप पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळलं की त्याचा अर्क निघतो. पास्त्याच्या पाण्यासोबत तोही थोडा घातला तर चव दुप्पट येते. उरला तर दुसऱ्या दिवशीच्या आमटीला वापरता येतो.

चीज घालायचं की नाही यावर वाद आहे. इटलीत साधारणपणे मासळीच्या पास्त्यावर चीज घालत नाहीत, कारण त्याने कोळंबीची गोडी झाकली जाते. मुलांनी हट्टच धरला तर ताटात वरून किसून द्यावं, कढईत घालू नये.

हे विसरू नये

कोळंबीची अ‍ॅलर्जी गंभीर असू शकते. ती कोळंबीतल्या एका प्रथिनामुळे होते आणि शिजवल्याने ते प्रथिन निकामी होत नाही. खेकडा किंवा शेवंड खाऊन ज्यांना त्रास झाला आहे त्यांनी कोळंबीही टाळावी. पाहुण्यांना वाढण्याआधी विचारून घेणं बरं. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा वाटला किंवा दम लागला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा किंवा थेट दवाखाना गाठावा. अशांसाठी कोळंबीऐवजी अळंबी याच पद्धतीने परतून घालता येते, पण कढई आणि डाव वेगळे ठेवावेत.

दुसरं, कच्चा लसूण घातलेलं तेल जास्त करून ओट्यावर बाटलीत भरून ठेवू नये. तेलात बुडालेल्या लसणात हवा पोचत नाही आणि तशा जागी बॉट्युलिझमचा घातक जंतू वाढू शकतो. वासावरून किंवा चवीवरून ते कळत नाही. लागेल तेवढंच तेल त्या वेळी करावं.

उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडून मंद आचेवर, झाकण ठेवून वाफवावा. शक्य असेल तर कोळंबी आधी बाजूला काढावी आणि पास्ता कडकडीत तापल्यावर त्यात मिसळून तीही आतपर्यंत गरम होऊ द्यावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीही ती मऊ राहते.