मोजणी कुठून सुरू झाली, ते विचारा

गावात सरकारी मोजणी असली की सकाळपासूनच बांधावर माणसं जमतात. अर्जदार, लगतचे कब्जेदार, दोघांचे भाऊबंद, एखादा जुनाजाणता. भूकरमापक तिपाई रोवतो, तिच्यावर यंत्र बसवून त्याचा बुडबुडा मध्यावर आणतो. मदतनीस प्रिझमची काठी घेऊन शेताच्या कोपऱ्याकडे चालू लागतो आणि सगळ्यांचे डोळे यंत्रावर खिळतात. त्या यंत्रावरचा विश्वास अनाठायी नाही. हे यंत्र, म्हणजे टोटल स्टेशन, शंभर मीटरवरचं अंतर मोजताना चुकलंच तर काही मिलिमीटर चुकतं. बांधावरची भांडणं मात्र मिलिमीटरची नसतात, ती हातभर जमिनीची असतात. इतका फरक बहुतेक वेळा पडतो तो यंत्र कुठल्या खुणेला धरून लावलं यामुळे. त्याकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं.

सर्वेक्षणाच्या शास्त्राचा पाया अगदी थोडक्यात सांगता येतो. कुठल्याही नव्या बिंदूची जागा नक्की करायची तर आधी दोन पक्के बिंदू हाताशी लागतात. त्या दोघांपासूनची अंतरं मोजा, किंवा दोन्हीकडून कोन घ्या, किंवा एक अंतर आणि एक कोन घ्या. दोघांना जोडणाऱ्या रेषेवर लंब टाकून मोजलं तरी चालतं. साखळी, थिओडोलाइट, टोटल स्टेशन ही सगळी हीच कामं करणारी साधनं. पक्के बिंदूच सरकलेले असतील, तर त्यांच्यावरून काढलेला प्रत्येक बिंदूही सरकतो आणि यंत्राच्या पडद्यावर त्याची कसलीच खूण दिसत नाही.

दुसरं तत्त्व स्थापत्यच्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच शिकवतात: मोजणी मोठ्याकडून लहानाकडे करायची. आधी सगळ्या परिसराला कवेत घेणारे थोडे बिंदू अतिशय काटेकोरपणे ठरवायचे, मग त्यांच्या आत तपशील भरायचा. उलट केलं, म्हणजे एका बांधावरून शेजारचा बांध आणि त्यावरून पुढचा असं मोजत गेलं, तर प्रत्येक ठिकाणची बोटभर चूक पुढच्याच्या माथी बसते. शिवाराच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिचा केवढा आकडा होईल ते सांगता येत नाही.

हे तत्त्व भारतात राबवणाऱ्या माणसाची कबर आपल्या विदर्भात आहे. कर्नल विल्यम लॅम्बटन यांनी 1802 च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी सुमारे साडेसात मैलांची एकच रेषा मोजायला घेतली. शंभर फुटी पोलादी साखळी, तिला ऊन लागू नये म्हणून आच्छादन आणि तापमान पाहायला थर्मामीटर, असा तो जामानिमा होता. एवढी काळजी घेण्याचं कारण म्हणजे पुढचा सगळा डोलारा त्या एका रेषेवर उभा राहणार होता. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे करता येतात. मग प्रत्यक्ष अंतर मोजण्याची गरज क्वचितच उरते, टेकड्यांच्या आणि गोपुरांच्या माथ्यावरून कोन घेत जायचं. अधूनमधून एखादी नवी रेषा प्रत्यक्ष मोजायची आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहायची. स्वतःची चूक स्वतः शोधण्याची ही शिस्त मला या सगळ्या उद्योगात सर्वांत मोलाची वाटते. वीस वर्षं हे त्रिकोण उत्तरेकडे सरकवत आणलेले लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारले. हिमालयाची शिखरं पुढे त्रिकोणांच्या याच मालिकेच्या आधाराने मोजली गेली.

आपल्या सातबारामागची मोजणी वेगळी, महसुलासाठी केलेली. मुंबई इलाख्यात 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून तिची घडी बसवली. तिची हत्यारं दोनच, शंकू आणि साखळी. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शंकू म्हणजे काठीवर बसवलेलं, काटकोनात छेद असलेलं साधं डोकं. शेताच्या आरपार एक पायारेषा धरायची, तिच्यावरून साखळी टाकत चालायचं. शंकूच्या एका छेदातून रेषा दिसत असताना दुसऱ्या छेदातून बांधाचा कोपरा दिसला की तिथे थांबायचं. पायारेषेवर किती साखळ्या, किती आणे झाले ते टिपायचं आणि तिथून कोपऱ्यापर्यंतचा लंब मोजायचा. शेत असं काटकोन त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत विभागलं जातं. त्यांची क्षेत्रफळं गुणाकार बुकात काढून बेरीज केली की क्षेत्र निघतं.

या मोजणीच्या जुन्या टिपणाची नक्कल मिळाली तर जरूर निरखून पाहा. आकृती हाताने काढलेली, प्रमाणात नसलेली, पण पायारेषेवर आणि प्रत्येक लंबावर साखळी-आण्यांचे आकडे. आज संगणकावर ते आकडे घातले की दीडशे वर्षांपूर्वीचं शेत पुन्हा जसंच्या तसं उभं करता येतं. अर्थात साखळीचे दोष त्यात येतातच. कड्या वापरून वापरून उघडतात आणि साखळी लांबते. लांबलेली साखळी कमी वेळा टाकावी लागते, म्हणून जमीन कागदावर कमी भरते. तेहतीस फुटांत एक इंच वाढला तर एकरामागे सुमारे 220 चौरस फूट कमी दिसतात. पोलादी टेपलाही ऊन बाधतं: तीस मीटरची टेप वीस अंशांनी तापली तर जवळजवळ सात मिलिमीटर वाढते.

डोंगरउताराच्या शेतकऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते, की जमीन नकाशात कमी भरली. तिचं उत्तर सरळ आहे. मोजणीत धरतात ते आडवं अंतर. तीस अंशांच्या उतारावर टेप शंभर मीटर भरली तर नकाशावर साडेशहाऐंशी मीटरच येतात. यात कुणी कुणाची जमीन खाल्लेली नसते.

इथवर झालं ते लांबी-रुंदीचं. उंचीची मोजणी हे स्वतंत्र प्रकरण आहे आणि कालवा, गटार, रस्ता बांधणाऱ्यांचं सगळं भवितव्य तिच्यावर असतं. पद्धत सोपी आहे. उंची माहीत असलेल्या खुणेवर स्टाफ, म्हणजे आकडे असलेली मोजपट्टी, उभा करायचा आणि लेव्हलच्या दुर्बिणीतून वाचायचा. खुणेची उंची शंभर मीटर आणि स्टाफवर 1.425 दिसलं, तर दुर्बिणीची नजर 101.425 वर आहे. आता स्टाफ नव्या जागी नेला आणि 0.860 दिसलं, तर ती जागा 100.565 मीटरवर. बेरीज आणि वजाबाकी, बस. पण एखाद्या कालव्याला किलोमीटरमागे वीस सेंटिमीटर इतकाच उतार द्यायचा असतो, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे सरळ नजर किलोमीटरभर अंतरावर जवळजवळ आठ सेंटिमीटर वर निघून जाते. म्हणून लेव्हल दोन्ही स्टाफांच्या बरोबर मध्ये लावायची. दोन्हीकडची चूक सारखी होते आणि वजाबाकीत उडून जाते. इतक्या साध्या युक्तीने इतका मोठा दोष निघून जावा, ही मला या विद्येतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

उपग्रहांवरून जागा ठरवणारे रोव्हर आता तालुक्यातालुक्यांत पोचले आहेत. मोकळ्या आकाशाखाली ते सेंटिमीटरच्या घरात जागा सांगतात, दाट आमराईत किंवा उंच इमारतींच्या कुशीत चाचपडतात. उंचीबाबत मात्र सावध राहायला हवं. उपग्रहाची उंची पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजलेली असते, आणि पाणी वाहतं ते गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने. मुंबईच्या किनाऱ्यावर या दोहोंत साठ मीटरहून अधिक अंतर आहे. म्हणजे समुद्रकाठी उभं राहिलं तर उपग्रहाची कच्ची उंची उणे साठच्याही खाली येते. या फरकाची दुरुस्ती केल्याशिवाय या उंचीवर गटाराचा उतार ठरवणं धोक्याचं.

रोव्हर जागा सांगतो, हद्द सांगत नाही. हद्द अभिलेखात आणि जमिनीत पुरलेल्या दगडात असते. आणि हे दगडच आपण घालवून बसलो आहोत. नांगरटीत उखडले, रस्त्याच्या भरावात गेले, कुणी मुद्दाम हलवले. बांध तर दर हंगामात थोडा थोडा कोरला जातो. चारशे फूट लांबीचा बांध दीड फूट सरकला तर सहाशे चौरस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त जमीन हलते. 1947 च्या एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तिथे जुन्या टिपणाशी गटाच्या नकाशाचा मेळ घालणं हे आणखी एक कसबी काम होऊन बसलं आहे. अशा वेळी भूकरमापकाला आधार राहतो तो गावातल्या शाबूत खुणांचा: तिकाटण्यावरचा, म्हणजे तीन हद्दी मिळतात तिथला, जुना दगड, विहीर, ओढ्याचं वळण, जुना रस्ता.

म्हणून मोजणीची नोटीस आली की त्या दिवशी घरी बसू नका. भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण, फाळणी (पोटहिश्शांची आकृती), गाव नकाशा आणि आधीच्या मोजणीची क प्रत (मोजणीचा नकाशा) यांच्या नकला अगोदरच काढून ठेवा. शेतावर हजर राहा आणि शांतपणे विचारा: सुरुवात कुठल्या खुणांपासून केली? त्या खुणा अभिलेखाशी जुळतात हे तपासलं का? निदान एका तिसऱ्या खुणेशी ताडून पाहिलं का? चांगला भूकरमापक या प्रश्नांनी रागावत नाही, तो खुणा दाखवतो. घर बांधणाऱ्यांनीही हेच करावं. आखणी कुंपणाच्या भिंतीवरून न करता हद्दीच्या खुणांवरून करून घ्यावी आणि जोतं उचलण्याआधी दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. हद्द कायम झाली की त्याच दिवशी, शेजाऱ्याच्या समक्ष, कोपऱ्यांवर दगड खोल पुरून घ्या. हद्दीच्या निशाण्या शाबूत ठेवण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ने जमीनधारकावरच टाकलेली आहे.